जीभ आणि वळण

ऑफ पिरियडला जीभ नळीसारखी वळवण्याचा खेळ रंगला. माझी सहज वळली. घरी मात्र आई व आबा, दोघांचीही वळेना. “मग तू त्यांचा कसा?” मित्राने विचारले. थट्टाच ती, पण मनात काटा रुतला. म्हणून ग्रंथालय गाठले.

या समजुतीचे मूळ १९४० सालच्या एका लेखात आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी हा गुण एका प्रभावी जनुकामुळे येत असावा, असे मांडले. तसे असते तर जीभ न वळणाऱ्या आईबापांपोटी माझ्यासारखे मूल सहसा जन्मते ना. परंतु १९५२ साली फिलिप मॅटलॉक यांनी एकबीज जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या. त्यांपैकी ७ जोड्यांत एकाची जीभ वळे, दुसऱ्याची नाही. जनुके तीच, जीभ निराळी! १९६५ च्या ग्रंथात खुद्द स्टर्टेव्हंट यांनीच आपले जुने मत सोडले.

अशी जीभ असणारा चुंबनात पटाईत, ही वर्गातली कुजबुजही तितकीच पोकळ. स्नायूंच्या कसबावरून माणसाचे प्रेम मोजता येत नाही.

हे सारे शाळेची पायरी न चढलेल्या आईला सांगितले. ती हसून म्हणाली, “जीभ वळो न वळो, जिभेला वळण हवं.” तो वारसा मात्र मला घरातूनच मिळाला आहे.