ताण देऊन मूल घडतं का?

दहावीचं वर्ष लागलं की जुहू-पार्ल्याच्या घराघरांत एकच वेळापत्रक लागतं: शाळा, क्लास, टेस्ट सिरीज, चौपाटी परीक्षेनंतर. ‘थोडा ताण हवाच, त्याशिवाय मुलं घडत नाहीत’ हे त्यामागचं समर्थन. ते निखालस खोटं असतं तर सोडून देता आलं असतं. पण त्यात अर्धं तथ्य आहे, म्हणूनच ते तपासून घ्यायला हवं.

मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या आठवणी नोंदवतो आणि सारख्या दिसणाऱ्या दोन आठवणींची गल्लत होऊ देत नाही. तिथे जन्मानंतरही नव्या चेतापेशी तयार होतात, हे जोसेफ आल्टमन यांनी १९६० च्या दशकात उंदरांमध्ये दाखवलं. या पेशी फक्त पाठांतराच्या कामाच्या नाहीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मादी उंदरांच्या किशोरवयात ही निर्मिती रोखली, तेव्हा मोठेपणी त्या इतर उंदरांत नीट मिसळेनाशा झाल्या. हाच अडथळा प्रौढ वयात आणला तर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे पेशी कोणत्या वयात जन्मल्या, यालाही महत्त्व आहे.

आता ताणाकडे वळू. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत रोज काही तास आईपासून दूर ठेवलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष चकित करणारे होते. ही पिल्लं तरुण झाली तेव्हा त्यांच्यात नव्या पेशी जास्त होत्या आणि काही चाचण्यांत स्मरणही सरस ठरलं. मध्यम वयात मात्र चित्र उलटलं: पेशी घटल्या, स्मरण ढासळलं. ताणाचा फायदा आधी दिसतो आणि वसुली उशिरा होते. पंधराव्या वर्षीच्या गुणपत्रिकेवरून ‘ताण मानवला’ असं ठरवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. आईपासूनची ताटातूट आणि क्लासचं ओझंही एक नव्हे. शिवाय माणसात प्रौढपणी या पेशी बनतात का, यावर २०१८ मध्ये चांगलाच वाद झाला. एका गटाला प्रौढ मेंदूत त्या सापडल्याच नाहीत, दुसऱ्याला म्हातारपणीही सापडल्या. पण जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात त्या भरपूर असतात, यावर फारसा वाद नाही. मोठेपणी त्या बनतच नसतील, तर लहानपणीच्या पेशींना अधिकच जपायला हवं. आक्षेपातून ढिलाईची मुभा मिळत नाही.

‘खेळायला पाठवलं तर अभ्यास बुडेल’ ही भीतीही मला पटत नाही. चाकावर धावणाऱ्या उंदरांमध्ये टिकलेल्या नव्या पेशी जवळपास दुप्पट असल्याचं १९९९ सालीच दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटं हालचाल सुचवते. किशोरवयात झोप ८ ते १० तास हवी. ती कापून केलेली उजळणी फारशी टिकत नाही. जुहूकरांच्या दाराशी तर वाळूचं मैदान फुकट आहे. तेव्हा शेवटचा क्लास आठच्या आत संपवा आणि संध्याकाळचा एक तास मुलांना मोकळा द्या. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ गप्प राहत असेल, मित्रांना टाळत असेल, नीट झोपत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. त्यासाठी परीक्षा संपण्याची वाट पाहू नका.