जुन्या लुगड्यातून नवं शिवताना : आत्याचे कानमंत्र

बाय, मशीन घेतलंस, जुन्या लुगड्यांचे कुर्ते-परकर शिवून विकायचं ठरवलंस, ऐकून बरं वाटलं. तू घाई करणार हे मला तू पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे, म्हणून लिहून देते. मशीनच्या वर भिंतीला लाव.

१. जुनं लुगडं हाती आलं की आधी उजेडासमोर धर. बसण्याचा भाग आणि टाचेला घासणारा घोळ विरलेला असतो — तिथून कुर्त्याचा पुढचा भाग काढलास तर दोन धुण्यांत फाटेल. उजेडात फाटकं दिसतं, अंधारात लपतं.

२. काठ फेकू नकोस, गळ्याला आणि खिशाच्या तोंडाला लाव — काठाची वीण दाट असते, ओढ पडते तिथे तोच टिकतो.

३. कडेचा एक धागा चिमट्यात धरून जाळून बघ. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सूत, कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर, केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम नाहीतर लोकर — विकणारा काहीही म्हणेल, गिऱ्हाइकाला शब्द तू देणार आहेस.

४. जुन्या सुती कापडाला सुती दोराच वापर — पॉलिएस्टरचा दोरा ताणाखाली तुटत नाही, मग कापडच फाटतं.

५. खादी घेतलीस तर कात्री लावण्याआधी रात्रभर भिजव — आटायचं ते आधीच आटू दे. आणि खादी मार्क बघून घे. हातानं कातलेलं आणि हातानंच विणलेलं, दोन्ही असेल तरच ती खादी.

६. होळीच्या आगेमागे आपल्या शहापूर-मुरबाडच्या रानात पळस फुलतो, त्याची खाली पडलेली फुलं वेच, फांद्या ओरबाडू नकोस. कापड आधी हिरड्याच्या आणि मग तुरटीच्या पाण्यात बुडव — सूत रंग सहजी धरत नाही, हिरडा आणि तुरटी तो धरून ठेवतात. तरी पळसाचा पिवळा उन्हात फिका पडतो, तेवढं गिऱ्हाइकाला विकण्याआधी सांग.

७. उरलेल्या चिंध्या मोठ्या असतील तर गोधडीच्या वरच्या थराला, बारीक असतील तर आत भरायला — धावदोरा जवळजवळ घातलास की आतलं सरकून गोळा होत नाही.

८. पाड्यावरच्या एखाद्या बाईला शिवायला घेशील तेव्हा दर आधी ठरव, वहीत लिही आणि तिला वाचून दाखव — शिवण सरळ हवी तर हिशेब आधी सरळ हवा. बिघडलेल्या कपड्याचे पैसे तिच्या मजुरीतून कापू नकोस. मापं तू दिलेली असतात.

९. उचल देऊन कुणाला बांधून घेऊ नकोस, बाय, हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबं उचल घेऊनच वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली, तरी ती मोडायला १९८२ साली उभ्या राहिलेल्या श्रमजीवी संघटनेला या जिल्ह्यात झगडावं लागलं — कापड कितीही जुनं वापरलंस आणि शिवणारी बाई उचलीत अडकली, तर तो कपडा चांगला म्हणवत नाही. अडीनडीला पैसे जरूर दे, पण कामाची अट घालून नको.

१०. भाताच्या आवणीच्या दिवसांत मोठी ऑर्डर घेऊ नकोस — तेव्हा सगळे हात शेतात असतात, मग काम रात्रीवर जातं आणि डोळ्यांवर बेततं.

११. बसायची जागा हवेशीर ठेव, दाराशी गठ्ठे रचू नकोस. ढाक्याजवळची राना प्लाझा ही कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली; भिंतींना भेगा आदल्याच दिवशी दिसल्या होत्या, तरी शिवणाऱ्यांना आत बोलावलं होतं — म्हणून कुणी "इथे भीती वाटते" म्हणालं की मशीन बंद, बाकीचं नंतर.

१२. बोहारणीला कपडे देण्याआधी बटणं, हूक, चेन काढून घे — नव्या कुर्त्याला तीच लागतात. पातेल्यासाठी फार घासाघीस करू नकोस, तिचंही पोट त्यावरच आहे.

१३. पौष पौर्णिमेला म्हसाच्या जत्रेत जाशील तर घोंगडी घे, पण ती गरम पाण्यात घालू नकोस नि पिळू नकोस — लोकर आटून घट्ट होते. पूर्ण वाळल्यावरच कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासोबत घडी कर.

१४. घरातले टेरिकॉटचे सदरे लाजेनं टाकून देऊ नकोस, आवणीला घाल — पावसात सुती वाळत नाही, कुबट होतं, आणि असलेला कपडा झिजेपर्यंत वापरला तर नवा घ्यावा लागत नाही.

पहिला कुर्ता मला पाठव. छाती चाळीस, बाही कोपरापर्यंत, आणि खिसा मोठा ठेव, चष्मा मावायला हवा.