अरुंद झालेली झडप व फुग्याचा उपचार

फुफ्फुसांत शुद्ध झालेले रक्त हृदयाच्या डाव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात येते व तेथून खालच्या निलयात उतरते. या दोन कप्प्यांमध्ये दोन पाकळ्यांचे दार असते. त्यास द्विदल अथवा मायट्रल झडप म्हणतात. निरोगी प्रौढ माणसात पूर्ण उघडलेल्या या दाराचे क्षेत्रफळ ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते.

बालपणी स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा दुखतो. त्याकडे दुर्लक्ष झाले, तर काही मुलांना पुढे संधिज्वर होतो. जंतूंशी लढणारी शरीराची प्रतिकारशक्ती हृदयाच्या ऊतींवरच उलटते. पाकळ्या जाड होतात आणि त्यांच्या कडा एकमेकींस चिकटतात. वाट दीड चौरस सेंटिमीटरपर्यंत आकसली की अलिंदात रक्त तुंबते, त्याचा दाब फुफ्फुसांपर्यंत मागे पोचतो व रोग्यास धाप लागते. हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण वाढल्यामुळे पुष्कळदा तो तेव्हाच प्रथम उघडकीस येतो. भारतात तो विशीच्या आतही उग्र रूप धारण करतो, हे दिल्लीतील डॉ. एस. बी. रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडले.

चिकटलेल्या कडा मोकळ्या केल्या तर दार पुन्हा उघडेल, ही कल्पना जुनी आहे. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी अलिंदाच्या भिंतीतून आत बोट घालून एका मुलीची झडप मोकळी केली. १९४८ नंतर अशा शस्त्रक्रिया रूढ झाल्या. परंतु त्यांसाठी छाती उघडावी लागे. जपानमधील शल्यचिकित्सक कांजी इनोए यांनी १९८२ साली बोटाचे हे काम फुग्याकडून करवून घेतले.

या उपचारात रोग्याची जांघ बधिर करून तेथील नीलेतून कॅथेटर, म्हणजे लांब लवचिक नळी, उजव्या अलिंदापर्यंत नेतात. दोन्ही अलिंदांमधील पातळ पडद्यास सुईने छिद्र पाडून ती डावीकडे व तेथून झडपेपार सरकवतात. नळीच्या टोकाशी मिटलेला फुगा असतो. प्रथम त्याचा पुढचा भाग फुगवून तो झडपेशी ओढून धरतात. मग मागचा भाग फुगतो व फुगा डमरूसारखा दिसतो. शेवटी मधली कंबर फुगते आणि चिकटलेल्या कडा विलग होतात. हे सारे काही सेकंदांत आटोपते. वाट बहुधा दुपटीच्या आसपास रुंद होते आणि रोगी थोड्याच दिवसांत घरी जातो.

तथापि प्रत्येक रोग्यास हा उपचार मानवत नाही. अलिंदात रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून मेंदूकडे जाण्याचा धोका असतो. झडपेत बराच चुना साचला असेल किंवा ती मुळातच गळत असेल, तर शस्त्रक्रियाच इष्ट ठरते. म्हणून आधी प्रतिध्वनी-तपासणी, म्हणजे एकोकार्डिओग्राफी, करतात. क्वचित फुग्याने पाकळी फाटते व तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

फुगा वाट रुंद करतो, पण जाड झालेल्या पाकळ्या पूर्ववत होत नाहीत. धाप थांबली म्हणून अनेक रोगी औषध सोडतात. अशा वेळी संधिज्वर उलटला तर झडपेची हानी वाढते. यास्तव उपचारानंतरही, डॉक्टर सांगतील तितकी वर्षे, दर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेत राहणे आवश्यक असते. आणि मुलाचा घसा दुखत असतानाच योग्य औषध मिळाले, तर फुग्याची वेळ बहुधा येतच नाही.