एका दिवसाचें विशेषण

इंग्रजी शब्दांचे अर्थ वहींत उतरून घेऊन पाठ करण्याची संवय आमच्या विद्यार्थ्यांस असते. संवय वाईट नाहीं. परंतु एका शब्दापुढें एकच मराठी अर्थ लिहून स्वस्थ बसणें बरें नव्हे, हें आम्हांस एका वहीनेंच शिकविलें.

एका विद्यार्थ्यानें वडिलांच्या बदलीवर निबंध लिहिला होता. नव्या गांवीं घर तात्पुरतें भाड्यानें घेतलें, हें सांगतांना त्यानें घरास 'इफेमरल' हें विशेषण लाविलें. आम्हीं त्याखालीं तांबडी रेघ ओढून एक गुण कापला. मुलानें कांहीं न बोलतां आपली शब्दांची वही पुढें केली. तींत त्या शब्दापुढें 'थोडा काळ टिकणारें' एवढेंच होतें, आणि तें आम्हींच फळ्यावर लिहून दिलेलें होतें!

तेव्हां त्या शब्दाचें मूळ पाहूं. ग्रीक भाषेंत 'एपि' म्हणजे वर आणि 'हेमेरा' म्हणजे दिवस; त्यांपासून 'एफेमेरोस', म्हणजे एकच दिवस टिकणारा. नदीकांठच्या एकदिवसीय कीटकाची नोंद अरिस्टॉटलनें केली आहे. मेफ्लाय नांवाच्या कीटकांच्या गणास प्राणिशास्त्रांत 'एफेमेरॉप्टेरा' म्हणतात. हे कीटक बाल्यावस्थेंत पाण्यामध्यें महिनोन्‌महिने राहतात. परंतु पंख फुटल्यावर कांहीं तास, फार तर थोडे दिवस जगतात. त्या अवस्थेंत ते अन्नही घेत नाहींत.

यावरून अर्थ उघड होतो. जें स्वभावतःच लवकर सरणारें, तें 'इफेमरल': पहांटेचें दंव, कपड्यांची नवी तऱ्हा, लोकांची वाहवा. भाड्याचें घर स्वभावानें नव्हे, तर आपल्या सोयीनें थोड्या काळाचें असतें. म्हणून त्यास 'टेंपररी' म्हणावें. क्षणभर मनांत आलेल्या भीतीस 'मोमेंटरी' शोभतें. मात्र 'मोमेंटस' म्हणजे अत्यंत महत्त्वाचा. मूळ एकच असूनही या दोहोंची गल्लत केल्यास अर्थाचा अनर्थ होतो. 'ट्रान्झिएंट' हा शब्द लॅटिनमधील 'पलीकडे जाणें' या अर्थाच्या धातूपासून आला. येऊन निघून जाणाऱ्या दुखण्यास तो योग्य. 'ब्रीफ' मध्यें केवळ थोडेपणा आहे, सरून जाण्याची हुरहुर नाहीं. भाषण किंवा भेट 'ब्रीफ' असते.

आणखी एक मौज. हस्तपत्रकें, तिकिटें, नाटकांच्या जाहिराती अशा एका दिवसापुरत्या छापील वस्तूंस इंग्रजींत 'इफेमेरा' म्हणतात. आणि त्याच वस्तू मोठमोठीं ग्रंथालयें जपून ठेवितात.

विद्यार्थ्यांनीं यापुढें प्रत्येक शब्दापुढें अर्थाबरोबर आपलें स्वतःचें एक वाक्य लिहावें. पालकांस इंग्रजी येत नसलें तरी हरकत नाहीं. त्यांनीं मुलास त्या वाक्याचा अर्थ मराठींत विचारावा. मुलगा अडखळला, तर शब्द अद्याप त्याचा झाला नाहीं असें समजावें.

त्या निबंधाचा कापलेला गुण आम्हीं परत दिला. तांबडी रेघ मात्र राहूं दिली. ती आमच्यासाठीं आहे, असें त्या मुलास सांगितलें.