चेलो बाजूला ठेवल्यावर

१. संचालकाला स्वतःचा सूर नसतो. हे ऐकून सगळ्यांनाच माहीत असतं, पण ते अंगी भिनायला मला चेलो बाजूला ठेवावा लागला. चेलो छातीला टेकवून वाजवतात. खर्जाच्या तारेवरून गज फिरला की कंप थेट बरगड्यांत उतरतो. तंतुवाद्यांच्या छोट्या संचापुढे बॅटन घेऊन उभा राहिलो आणि तो कंप गेला. समोरच्या मुलांच्या हातून निघणारा सूर आपला मानायला शिकणं, ही मला आजवरची सर्वांत अवघड साधना वाटते.

२. चेलोवादकाचे कान आपसूक तयार होतात. वाद्यवृंदात त्याला कधी पाया धरायचा असतो, कधी मधला भरणा करायचा असतो, मुख्य धून त्यामानाने कमी वाट्याला येते. म्हणूनच असेल, या खुर्च्यांतून थोर संचालक निघाले. १८८६ मध्ये रिओ द जानेरोत ‘आयडा’चा प्रयोग संचालकावाचून अडला, तेव्हा चेलो वाजवणारा १९ वर्षांचा तोस्कानिनी पुढे झाला आणि त्याने अख्खा ऑपेरा पाठ चालवला. कासाल्स, रोस्त्रोपोविच, हार्नोनकूर हेही मूळचे चेलोवालेच.

३. गजाची दिशा ठरली की अर्धी तालीम झाली. गज मुठीपासून टोकाकडे ओढला की सूर वजनदार निघतो आणि विरत जातो; टोकाकडून मुठीकडे आणला की भरत जातो. धून जिथे फुलायची, तिथे गज संपत आला असेल तर संचालकाने कितीही हात उंचावून उपयोग नाही. जॉन बार्बिरोली तंतुवाद्यांच्या कागदांवर गजाच्या खुणा स्वतः बसून करायचे. एवढा मोठा संचालक, आणि हे कारकुनी वाटणारं काम दुसऱ्यावर सोडत नसे! पेन्सिल घेऊन बसलो की मला त्यांची आठवण होते.

४. हात आधी, सूर नंतर. वादक असताना समेवर मीही सगळ्यांबरोबर असायचो. संचालकाला मात्र समेच्या आधीच्या उचलीतच लय, जोर, भाव सगळं सांगून टाकावं लागतं. ऐकत बसला की मागे पडला.

५. वाद्यवृंद आयता मिळत नाही, घडवावा लागतो. बार्बिरोली १९३६ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकला गेले, तेही तोस्कानिनींच्या जागी. ती प्रतिष्ठा भोगून १९४३ मध्ये, ऐन युद्धात, मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदाकडे आले, तर तो मोडायला टेकलेला. मग चाचण्यांवर चाचण्या घेतल्या. बासरीला शाळकरी मुलगा, हॉर्नला शाळामास्तरीण, पितळी वाद्यांना आसपासच्या बँडांतली माणसं. जो चांगलं वाजवेल तो आपला. पुढे आयुष्यभर त्यांनी हॅलेशी नातं तोडलं नाही. न्यूयॉर्कपेक्षा हे काम मोठं, असं माझं ठाम मत आहे.

६. एखादी रचना पुरती उमगायला अर्धं आयुष्य जातं, आणि ते वाया जात नाही. १९१९ मध्ये लंडनला एल्गार या संगीतकाराचा चेलो कॉन्सर्टो लंडन सिम्फनी वाद्यवृंदाने पहिल्यांदा वाजवला, तेव्हा १९ वर्षांचे बार्बिरोली मागे चेलोवादकांत बसले होते. तालमीचा बराच वेळ कार्यक्रमातल्या इतर रचनांनी खाल्ला आणि तो पहिला प्रयोग पडला. वर्ष-सव्वा वर्षाने बोर्नमथला त्यांनी हीच रचना एकल वादक म्हणून वाजवली. १९६५ मध्ये २० वर्षांची चेलोवादक जॅकलीन द्यू प्रे ही रचना रेकॉर्ड करायला बसली, तेव्हा त्याच लंडन सिम्फनीपुढे ते संचालक म्हणून उभे होते. जॅकलीनला ते तिच्या लहानपणापासून ओळखत होते: अकराव्या वर्षी तिला मिळालेल्या सुज्जिया पुरस्काराचे ते परीक्षक होते. हे ध्वनिमुद्रण आजही सहज मिळतं. सगळे चेलोच ऐकतात, तुम्हीही ऐका. पण सुरुवातीचे ते खणखणीत स्वर संपले की व्हायोला एकट्याच, कुणाच्याही आधाराविना धून सुरू करतात. तिथे जरूर कान द्या. बार्बिरोली तिथे आहेत.