काळ्या नळीवरचा फिकट चट्टा

प्रश्न : मी धुळ्याला अवधान एमआयडीसीत टर्नर आहे. धाकटा भाऊ टेक्सासला असतो, त्याला नेमबाजीचा नाद. त्याने नवी रायफल घेतली, तिची नळी म्हणे कार्बन फायबरची. व्हिडिओ कॉलवर दाखवली, तर काळ्या नळीवर करंगळीच्या नखाएवढा फिकट चट्टा आणि शेजारी सुईच्या टोकाएवढी दोन छिद्रं. दुकानदार म्हणतो, हा नुसता दिसण्यातला दोष आहे. भाऊ विचारतो, परत करू का? मी म्हटलं, इकडे येशील तेव्हा घेऊन ये, लेथवर चढवून पॉलिश पेपर मारून देतो. पण असली प्लास्टिकसारखी नळी स्फोट झेलते तरी कशी?
– एक वाचक, धुळे

उत्तर : झेलतं ते पोलाद. कार्बन वरून गुंडाळलेला असतो. वरणगावच्या आयुध निर्माणीमुळे काडतूस हा शब्द खानदेशाला नवा नाही. पण मोठ्या रायफलीचं काडतूस उडतं तेव्हा आतला दाब चार हजार बारच्या घरात जातो, हे सहसा कुणी सांगत नाही. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास दोन हजार पट! हा दाब सर्वांत जास्त काडतूस बसतं त्या चेंबरपाशी असतो आणि तिथे नळी जाडजूड पोलादीच ठेवतात. पुढे दाब उतरत जातो. तिथलं पोलाद लेथवर उतरवून बारीक करायचं, त्यावर इपॉक्सी राळेत भिजलेले कार्बनचे धागे गुंडाळायचे, भट्टीत पक्कं करायचं आणि ग्राइंडिंग करून मापात आणायचं, अशी ही करामत आहे. गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा आतल्या पोलादातच असतात.

फायदा वजनाचा. पोलाद पाण्याच्या 7.8 पट जड, हा थर जेमतेम 1.6 पट. अमेरिकेतल्या युटा राज्यात 1995 साली सुरू झालेल्या क्रिस्टेन्सेन आर्म्स या कंपनीने अशा नळ्या बाजारात रुळवल्या, त्या रायफल खांद्यावर टाकून डोंगर चढणाऱ्यांसाठी. एका जागी थांबून नेम धरणाऱ्याला उलट वजन हवं असतं. आपल्या स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी ज्या 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात ऑलिम्पिकचं कांस्य मिळवलं, तिथे रायफल 8 किलोपर्यंत चालते. जड नळी कमी हलते, म्हणून तिथे पोलादच बरं. तुमचे बंधू कुठल्या प्रकारची नेमबाजी करतात ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून हे सांगून ठेवलं.

आता चट्टा. ग्राइंडिंगचा दगड गोल फिरतो आणि धाग्यांचे तिरके थर कमी-जास्त कापत जातो. कुठे धागा आडवा उघडा पडतो, कुठे तिरका, आणि प्रत्येकावरून प्रकाश वेगळा परततो. धूपछाव साडी आठवा : पदर हलवला की रंग पालटतो. बंधूंना सांगा, रायफल रिकामी आहे हे दोनदा बघून ती खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरव. फिकट चट्टा फिरवताना गडद झाला, तर तो धाग्याच्या दिशेचा खेळ आहे, दुकानदार खरं बोलतोय. कुठूनही बघितला तरी तो पांढुरकाच राहिला, तर मात्र तिथे राळ कमी पडली असेल किंवा आतला थर सुटला असेल.

बारीक छिद्रं बहुधा राळेत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांची. ग्राइंडिंगने बुडबुड्याचं डोकं उडालं की छिद्र दिसतं. दोन-चार असली तरी नळीच्या ताकदीला काही होत नाही. काळजी करावी ती लांब चिरेची, नखाला अडकणाऱ्या कडेची, फुगवट्याची आणि तोंडापाशी कार्बन जिथे पोलादाला भिडतो तिथे दिसणाऱ्या फटीची.

थर सुटलाय का हे कळायला आपल्याकडची माठ घेण्याची रीत चालते. चैत्रात आपण माठ वाजवल्याशिवाय घेत नाही. खणखणीत वाजला तर घरी, बद्द वाजला तर तिथेच. विमानांच्या कार्बनच्या भागांवरही नाण्याने असंच ठोकून बघतात. फक्त एक पथ्य : नळीच्या लांबीवर ठोकत गेलात तर आवाज तसाही बदलणार, कारण खालच्या पोलादाची जाडी बदलते. म्हणून चट्टा ज्या घेरावर आहे त्याच घेरावर, गोल फिरवत ठोकायचं. चट्ट्यावरच आवाज बसका निघाला तर रायफल परत करावी. अगदी लहान दोष या युक्तीने सापडत नाहीत.

हे सगळं पहिली गोळी झाडायच्या आधी करायला हवं. फोटो काढून दुकानदाराला पाठवावेत आणि ‘दिसण्यातला दोष’ हे त्याचे शब्द लेखी घ्यावेत. वापरलेल्या मालावर वाद घालणं तिथेही अवघडच.

आणि भाऊ, तुमचा पॉलिश पेपर पेटीतच राहू द्या. पोलादावरचा ओरखडा घालवताना तुम्ही फक्त धातू घासता. इथे घासाल तर भार घेणारे धागेच कापले जातील, आणि ती काळी धूळ फुफ्फुसाला वाईट ती वेगळीच. थिनर किंवा अ‍ॅसिटोननेही पुसू नये. शिवाय शस्त्र कायदा 1959 प्रमाणे बंदुकीचे सुटे भागही बंदुकीतच मोडतात आणि दुरुस्तीला कलम 5 खाली परवाना लागतो. तुमचा हात कितीही सफाईदार असला, तरी परवान्याशिवाय अशी नळी धुळ्याच्या लेथवर चढवणं हा गुन्हा आहे.