आधी कान, मग बटण

नागपूर

चि. सायलीस,


विमान हाताला बसलं, पण रेडिओवर बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप लागतं, असं तू लिहिलंस. उभी हयात टॉवरमध्ये घालवलेल्या मामाचं ऐक. जीभ अडखळते ती इंग्रजीमुळे नाही. समोरून काय येणार याचा अंदाज नसतो म्हणून. तो अंदाज ऐकूनच येतो.

तू शिकतेस त्या फ्लोरिडात स्कॅनर लावून विमानांचं बोलणं ऐकायला आडकाठी नाही. लाइव्हएटीसी या संकेतस्थळावरही कित्येक विमानतळ सापडतील. पण गाणी लावून भाजी निवडावी तसं ऐकू नकोस. समोर नकाशा ठेव, हातात पेन्सिल घे. आधी एटिस ऐकून वारा, दाब आणि चालू धावपट्टी टिपून घे. मग अप्रोच लाव. 'टर्न लेफ्ट हेडिंग टू सेव्हन झीरो, डिसेंड अँड मेन्टेन टू थाउजंड' असं कानावर पडलं की कागदावर नुसता डावा बाण, २७० आणि २० एवढंच खरड. वैमानिक उत्तर देईल त्याच्या आत तू मोठ्याने रीडबॅक दे, कॉल साइनसकट. मग त्याचं ऐकून ताडून बघ. सुरुवातीला निम्मं निसटेल, निसटू दे.

ऐकलेलं सगळंच मात्र उचलू नकोस. मुरलेले कप्तानही कधी शब्द गाळतात, अर्धी कॉल साइन खातात. तू पुस्तकातलंच बोल. कळलं नाही तर 'से अगेन' म्हणायला लाजू नकोस. चुकीच्या रीडबॅकपेक्षा आम्हाला ते केव्हाही परवडतं.

आणि बटण दाबण्याआधी फ्रीक्वेन्सी मोकळी आहे ना, ते ऐक. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धुक्यात टॉवर आणि पॅनॅमचं विमान एकाच वेळी बोलले. परवानगीविना धावत सुटलेल्या केएलएमच्या कॉकपिटमध्ये त्या जागी कर्कश शिट्टी वाजली. थांबायला सांगणारे शब्द तिच्यात बुडाले. ५८३ माणसं गेली.

परत आलीस की इथली रेडिओ परवान्याची आरटीआर परीक्षा आहेच. इथे दाब इंचांत नाही, हेक्टोपास्कलमध्ये सांगतात. 'पॉइंट' नाही, 'डेसिमल' म्हणतात. तो सराव परतायच्या सुमारास कर. आत्ताच दोन्हींची खिचडी नको.

रोज अर्धा तास पुरे, पण एकही दिवस चुकवू नकोस.

तुझा,
मामा